सोळा पॅडच्या कंट्रोलरवर इलेक्ट्रॉनिक संगीत करताना स्वरशास्त्र कुठून आणि किती शिकावे?

लग्गी_लडी

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी सांगलीत राहतो. शाळेत असल्यापासून तबला शिकलो आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत. अलीकडे सोळा पॅडचा एक मिडी कंट्रोलर (पॅड दाबला की कोणता स्वर वाजवायचा ते संगणकाला सांगणारे यंत्र) घेतला असून तो लॅपटॉपला जोडून मी हाउस आणि हिप-हॉप या धर्तीच्या रचना करतो. ठेका बसवणे मला जड जात नाही. हाय-हॅट कुठे उघडावी, क्लॅप कुठे पडावी, हे हात आपोआप सांगतात. अडचण स्वरांच्या बाजूला आहे. सॉफ्टवेअरमध्ये स्केल, म्हणजे निवडक स्वरांचा संच, ठरवून दिले की पॅडवर त्याबाहेरचा स्वर वाजतच नाही, त्यामुळे काहीही वाजवले तरी खटकत नाही. पण खटकत नाही म्हणजे चांगले झाले असेही नव्हे. कोणता स्वर का घ्यायचा, हे ठरवता येत नसल्यामुळे सगळ्या चाली एकाच साच्यातून काढल्यासारख्या होतात. कॉर्डसाठी, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांसाठी, तर मी पूर्णपणे तयार मिडी फाइलींवर अवलंबून आहे.

कीबोर्ड वाजवणारे एक परिचित सांगतात की आधी पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या पाचव्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा द्याव्यात, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) शिकावे आणि मगच या वाटेला जावे. दुसरीकडे असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात की या संगीताला शास्त्राची गरजच नाही. तबल्याची पार्श्वभूमी असलेल्या, पण पेटी कधी न शिकलेल्या माणसाने नेमके काय, कोणत्या क्रमाने आणि पॅडवरच कसे शिकावे, याविषयी मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

काळी_चार

नमस्कार. लयीची बाजू आपली तयार दिसते, तेव्हा मी केवळ स्वरांविषयी लिहिते. शास्त्र अवश्य शिकावे, मात्र त्याची सुरुवात स्केलच्या नावांपासून करू नये. दोन स्वरांमधल्या अंतरापासून करावी. ज्याला अंतर कानाने ओळखता येते, त्याला स्केल, मोड, कॉर्ड ही पुढची सगळी नावे म्हणजे ओळखीच्या वस्तूंवर लावलेल्या चिठ्ठ्या वाटतात. ज्याला ते ओळखता येत नाही, त्याने कितीही नावे पाठ केली तरी पॅडवर बोट ठेवण्यापूर्वी काय ऐकू येणार आहे हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून पहिले काही दिवस स्केलची सोय बंद ठेवा आणि पॅड क्रोमॅटिक करून घ्या, म्हणजे बाराही स्वर ओळीने वाजतील. सोळा पॅडच्या बहुतेक कंट्रोलरांवर खालच्या डाव्या कोपऱ्यातून क्रम सुरू होतो, उजवीकडे एकेक अर्धस्वर वाढत जातो आणि ओळ संपली की वरच्या ओळीच्या डाव्या टोकापासून पुढे चालतो. याचा अर्थ असा की कोणत्याही पॅडच्या थेट वरचा पॅड चार अर्धस्वरांवर असतो, म्हणजे षड्जाच्या डोक्यावर शुद्ध गांधार बसतो. त्याच रांगेत तिसऱ्यांदा वर गेलात की बारा अर्धस्वर पूर्ण होऊन तार षड्ज मिळतो. पंचमाचे मात्र तसे नाही. पहिल्या पॅडवर सा धरला तर पंचम आठव्या पॅडवर, म्हणजे दुसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला येतो. दुसऱ्या पॅडवर सा धरला तर तोच पंचम नवव्या पॅडवर, म्हणजे तिसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाला जातो. आकार असा मोडत असल्यामुळे सोळा पॅडवर बोटांची ठेवण पाठ करण्यात अर्थ नाही; अंतराची संख्या लक्षात ठेवावी. कोमल गांधार तीन, शुद्ध गांधार चार, मध्यम पाच, पंचम सात, कोमल धैवत आठ, कोमल निषाद दहा. सा वाजवा, हवा तो स्वर आधी तोंडाने म्हणा आणि मगच पॅड दाबून ताळा करा. तबलावादक असल्यामुळे आपल्याला दायाँ सुरात लावण्याची सवय आहेच; हे त्याच सवयीचे पुढचे पाऊल आहे.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट: सॉफ्टवेअरमधला सी म्हणजे पेटीवरची पांढरी एक, सी शार्प म्हणजे काळी एक. मिडीमध्ये मधल्या सप्तकातल्या सीचा क्रमांक ६० असतो. त्याला काही सॉफ्टवेअरे सी-३ म्हणतात आणि काही सी-४, म्हणून सप्तकाच्या नावावर विसंबण्यापेक्षा क्रमांक पाहावा.

आता स्केलची सोय पुन्हा चालू करून मेजर पेंटाटोनिक निवडा. हे भूपाचे स्वर: सा, रे, ग, प, ध. पाच स्वरांचे स्केल चार-चार पॅडच्या ओळींत मांडले की षड्ज पहिल्या, सहाव्या, अकराव्या आणि सोळाव्या पॅडवर येतो, म्हणजे डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ कर्णावर, आणि सोळा पॅडमध्येच पूर्ण तीन सप्तके मिळतात. सुरुवात करणाऱ्याला याहून सोपी मांडणी नाही. या पॅडवर आपल्या मनाने चार मात्रांची एक लहान चाल बांधा आणि ती सतत फिरत ठेवा. मग दुसऱ्या ट्रॅकवर बेसचा, म्हणजे खर्जाचा, एकच लांब स्वर लावा. बेस षड्जावर असेपर्यंत चाल भूपाच्या स्वरांची वाटेल. चालीला हातही न लावता बेस रिषभावर न्या, आता तीच चाल मधमाद सारंगाच्या स्वरांत ऐकू येऊ लागेल. गांधारावर नेलीत तर मालकंस, पंचमावर दुर्गा आणि धैवतावर धानी. आपल्या जुन्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात, आणि आपण विचारलेल्या ‘कोणता स्वर का घ्यायचा’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे: स्वराला रंग येतो तो खाली कोणता स्वर टिकून आहे त्यावरून. आपल्या चाली एकसारख्या होतात त्याचे कारण स्केल एकच आहे हे नसून, बेसचा आधारस्वर कधीच न हलणे हे असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

हाच खेळ सात स्वरांवर केला की मोड कळतात. बिलावलाचे स्वर, म्हणजे मेजर स्केल, रिषभापासून मोजले तर काफी, ज्याला सॉफ्टवेअर डोरियन म्हणते. गांधारापासून भैरवी, म्हणजे फ्रिजियन. मध्यमापासून कल्याण, म्हणजे लिडियन. पंचमापासून खमाज, म्हणजे मिक्सोलिडियन. आणि धैवतापासून आसावरी, म्हणजे नॅचरल मायनर. निषादापासून मोजल्यास पंचमच हरवतो, म्हणून पंडित भातखंडे यांच्या दहा थाटांत त्याला जागा नाही. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे उरलेले चार थाट या फेऱ्यात सापडत नाहीत, त्यांचा विचार नंतर करता येईल.

कॉर्ड त्यानंतर. सात स्वरांचे स्केल सोळा पॅडवर मांडले असता एक पॅड सोडून एक असे तीन पॅड एकदम दाबले की कॉर्ड होते: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा, सहावा, आणि असेच पुढे. आसावरीच्या स्वरांत असे केल्यास षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर मायनर कॉर्ड मिळते, कोमल गांधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद यांच्यावर मेजर, आणि रिषभावर डिमिनिश्ड, जी हाउसमध्ये फारशी लागत नाही. मेजर आणि मायनर यांत फरक एवढाच की मधला स्वर खालच्या स्वरापासून चार अर्धस्वरांवर आहे की तीन. आपण अंतरे आधी शिकला असाल, तर हे निराळे शिकावे लागणार नाही.

अर्धमात्रा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. लयीच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण तबला येतो म्हणून ही बाजू पूर्ण झाली असे समजणे मला घाईचे वाटते.

सोळा पायऱ्यांचा सीक्वेन्सर (कोणत्या पायरीवर कोणता ठोका पडेल ते मांडून ठेवण्याची सोय) आणि सोळा मात्रांचा त्रिताल यांची बरोबरी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. हिशेब जुळतो, पण वजन जुळत नाही. हाउसमध्ये किक, म्हणजे खर्जातल्या ड्रमचा ठोका, पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या पायरीवर सारख्याच जोराने पडते, क्लॅप पाचव्या आणि तेराव्या पायरीवर येते, आणि उघडी हाय-हॅट तिसऱ्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्या पायरीवर. यात नवव्या पायरीवर ‘खाली’, म्हणजे त्रितालातली हलकी जागा, नाही. बेस तिथे हलका होत नाही. आपल्या तालांचा प्राण तर नेमका तिथे आहे. केहरव्याचा ‘धा गे ना ती । न क धि न’ हा ठेका घ्या आणि प्रत्येक मात्रेला दोन पायऱ्या द्या. बायाँ (डग्गा) खुला वाजतो तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या आणि तेराव्या पायरीवर. किक या तीनच जागी ठेवा, चाटेचा (तबल्याच्या कडेचा) आवाज पाचव्या, नवव्या आणि पंधराव्या पायरीवर ठेवा, आणि मधल्या भागात बेस मुद्दाम रिकामा सोडा. तेराव्या पायरीवर किक परत येते तेव्हा ती पुढच्या समेकडे ढकलते. हिप-हॉपच्या संथ लयीत ही बांधणी फार छान बसते, आणि खाली हे तत्त्व आपल्या हाती असलेले खरे भांडवल आहे, जे तयार लूप वापरणाऱ्याजवळ नसते.

दुसरा विषय स्विंग, म्हणजे काही ठोके मुद्दाम जरा उशिरा पाडणे. वाद्ययंत्रे घडवणारे रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय आणली आणि पुढे १९८८ मध्ये अकाई या कंपनीसाठी त्यांनी घडवलेल्या एमपीसी-६० या सोळा पॅडच्या यंत्रामुळे ती हिप-हॉपच्या हाडीमाशी खिळली. तिचे गणित साधे आहे. दोन पायऱ्यांची एक जोडी धरली, तर दुसरा ठोका जोडीच्या किती टक्क्यांवर पडतो, ते म्हणजे स्विंगचा आकडा. पन्नास टक्के म्हणजे सरळ लय, सहासष्ट टक्के म्हणजे जवळपास तिस्र जातीचे वजन. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोक्यांना) एक पायरी सुमारे १६७ मिलिसेकंदांची असते. स्विंग ५८ टक्के केला तर जोडीतला दुसरा ठोका सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा पडतो. एवढ्याशा उशिराने ठेका चालू लागतो. आपण हाताने पॅड वाजवून ध्वनिमुद्रण करत असाल, तर क्वांटाइझ (ठोके आपोआप नेमक्या पायरीवर ओढणारी सोय) पूर्ण न लावता निम्मेच लावून पाहावे. हिप-हॉपचे संगीतकार जे डिला यांच्या ठेक्यांची ख्याती हाताची ढिलाई तशीच ठेवण्यासाठी आहे, आणि त्यांचा एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेला आहे. एखाद्या मोठ्या वादकाचे साज जपावे तसा.

तिसरी गोष्ट थोडक्यात. बेसची चाल सात पायऱ्यांची आणि किक सोळा पायऱ्यांची ठेवली, तर दोघांची सम एकशे बारा पायऱ्यांनी, म्हणजे सात आवर्तनांनी एकत्र येते. रूपकाची सवय असलेल्या कानाला मधली सगळी सरमिसळ पेलता येते. नाचणाऱ्यांना किक सरळ असल्यामुळे काहीच अडत नाही.

मंद्र_सप्तक

मी थोडा विरोधी सूर लावतो. कॉर्डचे एवढे दडपण घेण्याची गरज आहे का, याचा विचार व्हावा. नाचण्यासाठी केलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा फार मोठा भाग एका आधारस्वरावर उभा आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. शिकागोत ॲसिड हाउस जन्माला येण्याच्या काही वर्षे आधीचे हे काम आहे. त्यात भर आहे तो रागाच्या स्वरांवर, एकाच षड्जावर आणि न थांबणाऱ्या ठेक्यावर. कॉर्डच्या साखळीवर नाही. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जो ट्रान्स आकाराला आला, त्याचेही तेच. त्यातून पुढे आलेल्या सायट्रान्समध्ये प्रत्येक चार पायऱ्यांत पहिल्या पायरीवर किक आणि उरलेल्या तिन्ही पायऱ्यांवर बेसचा एकच स्वर, हे मिनिटाला १४० ते १५० ठोक्यांच्या गतीने अखंड चालते, आणि वर कोमल रिषभ षड्जाला घासत राहतो. त्यातले आवडते स्केल म्हणजे फ्रिजियन, म्हणजे आपली भैरवी, किंवा शुद्ध गांधार घेणारा त्याचा भाऊ, ज्याचे स्वर आपल्या वसंतमुखारीशी जुळतात. कॉर्ड किती? बहुतेक वेळा एकही नाही.

तेव्हा शास्त्र कमी शिका असे मी म्हणत नाही. वेगळे शिका, असे म्हणतो. बेसच्या भागात स्वर निवडताना वारंवारता पाहावी लागते, आणि हे कोणत्याही थिअरीच्या परीक्षेत शिकवत नाहीत. ए-४ चे ४४० हर्ट्झ धरून खाली आलो, तर मंद्राच्याही दोन सप्तके खालचा ए ५५ हर्ट्झवर येतो, एफ सुमारे ४४ हर्ट्झवर आणि सी सुमारे ३३ हर्ट्झवर. मोबाइलच्या स्पीकरमधून यातला कोणताच मूळ स्वर निघत नाही. तिथे आपण ऐकतो ते त्याचे वरचे स्वरांश. आपल्या रचनेचा षड्ज सी असेल, तर बेस एकतर इतका खाली जातो की लहान स्पीकरवर नाहीसा होतो, किंवा एक सप्तक वर घ्यावा लागतो आणि त्याचे वजन जाते. षड्ज एफ, जी किंवा ए धरला की ही ओढाताण पुष्कळ कमी होते. क्लबसाठी काम करणारे अनेक जण हेच स्वर पुन्हापुन्हा का धरतात, याचे एक कारण हे आहे.

किकलाही स्वर असतो. तबला न लावता कुणी मैफलीला बसत नाही, पण किक बेसुरी ठेवून रचना पूर्ण करणारे मात्र पावलोपावली भेटतात. किकचा नमुना (मुद्रित आवाज) एका पॅडवर घेऊन त्याची पट्टी षड्जावर किंवा पंचमावर आणावी. ज्या यंत्रांत एकच नमुना सोळा पॅडवर सोळा पट्ट्यांत पसरण्याची सोय आहे, तिथे हे काम कानाने चटकन होते. आणि खालच्या दोन सप्तकांत गांधार कधीही बेसच्या शेजारी ठेवू नये. इतक्या खाली दोन स्वर जवळ आले की कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, नुसता गढूळ आवाज होतो. खाली एकटा षड्ज, हवा तर पंचम, आणि गांधार मधल्या सप्तकात.

लग्गी_लडी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. बेसचा स्वर बदलून तीच चाल ऐकण्याचा प्रयोग लगेच करून पाहिला. मालकंसाचा रंग आल्यावर खरोखर चकित झालो. केहरव्यातली रिकामी जागाही हिप-हॉपच्या एका जुन्या रचनेत बसवली आहे.

दोन शंका उरतात. काळी_चार यांनी सांगितल्याप्रमाणे एक सोडून एक पॅड दाबून कॉर्ड वाजवल्या, पण एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना आवाज उड्या मारल्यासारखा होतो. तयार मिडी फाइलींमध्ये तसे होत नाही. हे का होते? दुसरे असे की चौसष्ट पॅडचे मोठे यंत्र घेतल्याने हे शिकणे सोपे होईल का, की तो खर्च अनाठायी ठरेल? परीक्षांविषयीही आपले मत कळल्यास बरे होईल.

काळी_चार

उड्या ऐकू येतात, कारण आपण प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर सर्वांत खाली ठेवून तिन्ही बोटे एकदम उचलत आहात. कॉर्डचे तीन स्वर कोणत्याही क्रमाने खालीवर मांडले तरी कॉर्ड तीच राहते. म्हणून पुढच्या कॉर्डकडे जाताना जे स्वर दोन्हींत आहेत ते जागीच ठेवायचे आणि उरलेले जवळात जवळ हलवायचे. सोळा पॅडवर हे डोळ्यांना दिसते. ए मायनर स्केल निवडा, म्हणजे पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या पॅडवर ए येईल. ए मायनर कॉर्डसाठी आठ, दहा, बारा. तिथून एफ मेजरकडे जाताना फक्त बारावरचे बोट तेरावर न्यायचे. आठ आणि दहा तसेच. एफवरून सी मेजरकडे जाताना दहा धरून ठेवायचा, आठवरचे बोट सातवर आणि तेरावरचे बारावर. सीवरून जी मेजरकडे जाताना सात धरून ठेवून दहावरचे नऊवर आणि बारावरचे अकरावर. जीवरून पुन्हा ए मायनरला येताना मात्र तिन्ही बोटे एकेक पॅड वर. या चार कॉर्ड आपण असंख्य गाण्यांत ऐकल्या असतील. बेसच्या ट्रॅकवर मात्र मूळ स्वरच ठेवा: ए, एफ, सी, जी. वरची बोटे जेमतेम हलतात आणि खाली बेस मोठी पावले टाकतो, यातच तयार फाइलींचे ते गुळगुळीतपण आहे.

शेवटची हालचाल पाहा: तिन्ही आवाज एकाच दिशेने, एकेका पॅडने सरकतात. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वर्गात यावर लाल रेघ मारतील. हाउसमध्ये मात्र ही शैलीच आहे. एक मायनर सेव्हन्थ कॉर्ड नमुना म्हणून मुद्रित करून तीच जशीच्या तशी वरखाली वाजवायची, ही डीप हाउस आणि डेट्रॉइट टेक्नोची जुनी रीत आहे, आणि पॅड त्यासाठीच जणू घडले आहेत. म्हणजे उडी वाईट नाही. ती आपल्याला हवी होती म्हणून आली की आपोआप आली, एवढाच प्रश्न आहे. मंद्र_सप्तक यांच्या म्हणण्याशी इथे मी पूर्ण सहमत आहे की ज्या रचनेत एकच आधारस्वर पुरतो, तिथे कॉर्डची भरती करू नये.

चौसष्ट पॅडविषयी. २०१३ मध्ये आलेल्या एबलटन पुश या चौसष्ट पॅडच्या यंत्रावर स्वरांची मांडणी मध्यमाच्या अंतराने केलेली आहे: क्रोमॅटिक ठेवल्यास उजवीकडे एक अर्धस्वर आणि वरच्या ओळीत पाच. याचा फायदा असा की आकार मोडत नाहीत. पंचम कुठूनही एक ओळ वर आणि दोन पॅड उजवीकडे, तार षड्ज दोन ओळी वर आणि दोन पॅड उजवीकडे, शुद्ध गांधार एक ओळ वर आणि एक पॅड डावीकडे. मेजर कॉर्डचा आकार एकदा बोटांत बसला की तो पांढरी एकवर चालतो तसाच काळी चारवरही चालतो. पेटीवर हे सुख नाही, तिथे प्रत्येक पट्टीत बोटे निराळी पडतात. स्केलची सोय चालू केल्यास मूळ पॅड, त्याच ओळीत दोन पॅड उजवीकडचा आणि वरच्या ओळीतला एक पॅड उजवीकडचा, हा एकच आकार स्केलमधल्या सातही कॉर्ड देतो. यंत्र उत्तम आहे यात शंका नाही, पण आपली आजची गरज कानाची आहे, आणि कान सोळा पॅडवरही तयार होतो. सोळा पॅडवर बेस आणि चाल बांधण्यात रस टिकला, तर पुढे विचार करावा.

परीक्षांचे म्हणाल, तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांचा अभ्यासक्रम नीट बांधलेला आहे आणि व्हायोलिन किंवा पियानो वाजवणाऱ्यांबरोबर काम करायचे असेल, तर स्टाफ नोटेशन यावेच लागते. आपले काम मात्र पियानो रोलवर चालते, जिथे स्वराची उंची आणि लांबी सरळ दिसते. त्या अभ्यासक्रमातली अंतरे, की सिग्नेचर आणि कॉर्ड ही प्रकरणे वाचावीत. क्लेफ आणि इटालियन संज्ञा सध्या बाजूला ठेवल्या तरी काही बिघडत नाही. एबलटनने लर्निंग म्युझिक या नावाने एक विनामूल्य संकेतस्थळ ठेवले आहे, तिथे ब्राउझरमध्येच ठेका, बेस, चाल आणि कॉर्ड करून पाहता येतात. इंग्रजीची अडचण नसेल, तर तिथून सुरुवात करण्यास हरकत नाही.

तंबोऱ्याची_जवारी

चर्चा छान चालली आहे. फक्त एका ठिकाणी सावध करावेसे वाटते. वर काळी_चार यांनी काळजीपूर्वक ‘मालकंसाचे स्वर’, ‘भूपाचे स्वर’ असे लिहिले आहे, पण वाचताना ‘स्वर’ हा शब्द गळून मालकंस तेवढा लक्षात राहतो. पुशच्या स्केलच्या यादीत भैरव हे नाव दिसते, आणि स्वर बरोबरही आहेत: कोमल रिषभ, शुद्ध गांधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. पण राग भैरवातल्या रिषभाला आंदोलन, म्हणजे संथ हेलकावा, आहे, तो दाबून सोडायचा स्वर नाही. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. एक गांधाराकडे झुकतो, दुसरा धैवताकडे, आणि ते झुकणे पॅड दाखवत नाही. रचनेला रागाचे नाव द्यायचे असेल, तर आधी तो राग चांगल्या गळ्यातून भरपूर ऐकावा. नाव द्यायचे नसेल, तर स्केल म्हणून ते स्वर खुशाल वापरावेत. त्यात पाप नाही.

पट्टीचाही प्रश्न आहे. पॅडवरचे बाराही अर्धस्वर सारख्या अंतराचे असतात, प्रत्येक शंभर सेंटचा. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, पॅडवरचा ४०० वर. खर्जातला खरा तंबोरा मुद्रित करून त्यावर सिंथचा (सिंथेसायझरचा) गांधार लांबवला, तर हे चौदा सेंट कानाला टोचतात. अशा वेळी सिंथमध्ये तेवढ्या स्वराची पट्टी उतरवता येत असेल तर उतरवावी, नाहीतर चालीत गांधारावर फार वेळ थांबू नये.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, हवी असेल, तर तिची सोय वेगळी करावी लागते. ज्यांचे नाव वर स्विंगच्या संदर्भात आले, त्याच रॉजर लिन यांचे लिनस्ट्रुमेंट आणि २०२३ चे पुश-३ यांच्यावर बोट सरकवून प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवता येतो. सोळा पॅडच्या साध्या कंट्रोलरवर ते शक्य नाही, पण त्यावरचा एखादा नॉब पिच बेंडला, म्हणजे स्वर वरखाली वाकवण्याच्या सोयीला, जोडता येतो. बहुतेक सिंथमध्ये पिच बेंडची मर्यादा मुळात वरखाली दोन अर्धस्वर इतकीच ठेवलेली असते. मालकंसाच्या स्वरांत कोमल गांधार ते मध्यम, कोमल धैवत ते कोमल निषाद आणि कोमल निषाद ते तार षड्ज ही अंतरे दोन अर्धस्वरांची असल्यामुळे ती मींड त्यात बसते. षड्ज ते कोमल गांधार आणि मध्यम ते कोमल धैवत ही मात्र तीन अर्धस्वरांची आहेत, तेव्हा मर्यादा तीनवर न्यावी. बारावर नेण्याचा मोह टाळावा, कारण मग नॉब जरासा हलला तरी स्वर निसटतो. आणि नॉब मधल्या खुणेवर परत आल्याची खात्री करूनच पुढचा पॅड दाबावा, नाहीतर सगळी चालच वाकड्या पट्टीत वाजत राहते.